बांगडो पैलवान

जहाजावरून उतरायला चार तास मिळाले होते,
त्यातला एक बाबांनी जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घालवला.
वेराक्रूझहून निवतीपर्यंत ते आलं
धुतलेल्या बॉयलर सूटमध्ये गुंडाळून.
डिझेलचा वास अजून शिवणीत आहे.

मुखपृष्ठावर एक ढेरपोट्या मल्ल, निळा मुखवटा,
कपाळावर चंदेरी मासा.
प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, वर इंग्रजी, खाली स्पॅनिश.
बाबांना इंग्रजी यायचं ते इंजिनापुरतं,
व्हॉल्व्ह, प्रेशर, यस सर.
स्पॅनिश तर मुळीच नाही.
म्हणून त्यांनी पेन्सिलीने तिसरी ओळ लिहिली,
कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडायचे त्या अक्षरात,
आणि मासा बघताक्षणी ठरवून टाकलं:
'ह्यो बांगडो पैलवान. वेंगुर्ल्याचो.'

पान चार. मल्ल दोरांवर चढून उडी घेतो.
'बांगडो माडार चडलो. नारळ पाडूक माणूस गावना नाय.'

पान सात. मल्ल घरी जेवतोय, मुखवटा तसाच,
हनुवटीवर सूप.
'जेवताना तरी काड रे मेल्या.'
या पानाला आई कधी हसली नाही.

पान नऊवर स्पॅनिश ओळ सुरू होते: मी पापा.
मी अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचलं
आणि घरभर ओरडत सुटले, अगो आई, हे मराठी आहे!
मुखवट्यातला माणूस मला सांगतोय, मी. पापा.
बाबा तेव्हा सुएझच्या रांगेत उभे होते.

त्या वर्षी जत्रेला दशावतार.
देव पुस्तकातल्यासारखे बोलत होते, 'हे भूदेवा', 'तथास्तु',
आणि संकासुर, काळा बुरखा, लांब लाल जीभ,
आमच्यासारखा, शिव्यांसकट.
एका मांडवात दोन भाषा,
आणि हरणाऱ्याच्या तोंडी आमची.
पहाटे पडद्यामागे तो बुरखा कपाळावर सरकवून
बशीतून चहा पीत होता.
मी ओळखला. रेशन दुकानातला गुणाजी.
हाक मारणार, एवढ्यात आबूकाकांनी
माझ्या तोंडावर हात ठेवला:
'रंगातल्या माणसाक नावान हाक मारूची नसता.'

पुढे पुण्यात दोन वर्षं स्पॅनिश शिकले.
मी म्हणजे मी नव्हे. मी म्हणजे माझा.
माझे पापा कधी हरत नाहीत, असं पान नऊवर
चित्राबाहेरची कुणी मुलगी म्हणते.
माड नाही, वेंगुर्ला नाही,
कपाळावरचा मासा कुठला, तेही कुठे लिहिलेलं नाही.
शेवटच्या पानावर मल्ल आपल्याकडे पाठ करून
मुखवट्याची नाडी सोडतोय.
वर इंग्रजीत तो म्हणतो, गुड नाइट.
खाली स्पॅनिशमध्ये काही वेगळंच:
या एस्तोई आकी. आता मी इथे आहे.
आणि तिसऱ्या ओळीत गोष्टच नाही.
बाबांनी नुसतं टिपून ठेवलंय,
'जॉइनिंग १४ तारीख, मार्मागोवा.'

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
परवा लोट्यावर बसून म्हणाले,
'त्या पुस्तकात खरां काय लिवलेला आसा? वाच बगया.'
मी उघडलं. पेन्सिल पुसट झालीय,
पान उजेडात तिरकं धरावं लागतं.
वाचलं, बांगडो माडार चडलो.
वाचलं, काड रे मेल्या.
ते मान डोलवत राहिले, एकदा तर
स्वतःच्याच विनोदावर नव्याने हसले.
'तुका स्पॅनिश बरी येता गो,' म्हणाले.

शेवटचं पान आलं.
मी बोटानं तारीख झाकली.